जुन्या लांकडी बांसऱ्या आणि त्यांचे वादक

गेल्या दिवाळीच्या झाडलोटींत आमच्या घराच्या माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खालीं आली. जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखालीं, डांबराच्या गोळ्यांच्या वासांत गुरफटलेली, काळ्या कातड्यानें मढविलेली एक चपटी पेटी तींत निघाली. पेटीच्या आंत विटलेल्या तांबड्या मखमलीवर काळसर लांकडाचे पांच तुकडे ओळीनें ठेवलेले होते. त्यांवर पांढऱ्या धातूच्या आठ किल्ल्या होत्या, आणि एका तुकड्यावर कोरलेल्या अक्षरांपैकीं ‘लंडन’ एवढेंच काय तें वाचतां येत होतें. आमच्या नातवानें ते तुकडे एकांत एक बसवून पाहिले आणि तो ओरडला, “आजोबा, ही तर बांसरी आहे!” स्वयंपाकघरांतून आमच्या वहिनींनीं बजावलें, “कोणा साहेबाच्या तोंडची उष्टी असेल ती! धुतल्याशिवाय ओठाला लावूं नको बरें!” वहिनींचें सांगणें आचारास धरून होतें, परंतु असल्या लांकडाला पाणी किती वैरी, हें त्या वेळीं आम्हांस तरी कोठें ठाऊक होतें?

ती बांसरी आमच्या थोरल्या काकांची. १९४८ सालीं, गोऱ्या पलटणी देश सोडून गेल्या त्या वर्षीं, काकांनीं ती पुण्याच्या जुन्या बाजारांत विकत घेतली होती. काका तेव्हां वीस वर्षांचे, नुकतेच कारकुनीच्या उमेदवारींत लागलेले. रात्रीं निजानीज झाल्यावर गच्चीवर बसून ते तींत फुंकर घालून पाहत. आमच्या आजोबांस तें रुचलें नाहीं. गाण्याबजावण्याचे चाळे या घरांत नकोत, असें त्यांनीं एकदांच सांगितलें. त्या काळीं तेवढें पुरत असे. काकांनीं पेटी मिटली, ती पुन्हा उघडली नाहीं. आम्ही सात-आठ वर्षांचे असतांना एकदां ट्रंकेंत डोकावून “काका, हें काय?” म्हणून विचारलें होतें. “लांकूड आहे, बाळ,” एवढेंच ते म्हणाले.

या लांकडाचें कूळ कोणतें, हें शोधण्याच्या नादानें आम्हीं गेले कांहीं महिने ग्रंथ चाळले व जाणत्यांस प्रश्न विचारून भंडावून सोडलें. त्यांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेखप्रपंच.

बांसरी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें वेळूच उभा राहतो. संस्कृतांतील ‘वेणु’ आणि ‘वंश’ हे दोन्ही शब्द मूळचे वेळूचे. त्यांचाच अर्थ पुढें वाद्य असा झाला. तथापि बांसरी लांकडाचीही असूं शकते, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारीं हिशेबखात्यावर असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याच्या वाद्याध्यायांत वंशवाद्याचें सविस्तर वर्णन आहे, आणि तेथें वेळूबरोबरच खैर, चंदन, रक्तचंदन, हस्तिदंत व निरनिराळे धातु यांचाही निर्देश आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर बसून लिहिणाऱ्या त्या पंडिताला लांकडी बांसरीचें नवल वाटलें नसतें. पुढें आपल्याकडे वेळूनेंच बाजी मारली, कारण तो हलका, स्वस्त आणि निसर्गतःच पोकळ. गेल्या शतकांत पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनीं वेळूची लांबी सुमारें बत्तीस इंचांपर्यंत वाढवून त्याला ख्यालगायनाच्या पंक्तीस बसविलें, तें सर्वश्रुतच आहे.

युरोपांत गोष्ट निराळी झाली. तेथें वेळू उगवत नाहीं. तेव्हां कातारी लांकडाचा ठोकळा लेथवर धरून आंतून कोरीत व बाहेरून घोटीत. सोळाव्या शतकांतील तेथली आडवी बांसरी आपल्या बांसरीसारखीच साधी होती. सरळ नळी, एक मुखरंध्र, बोटांसाठीं सहा भोंकें, किल्ली एकही नाहीं. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील कारागिरांनीं तींत दोन बदल केले. एक म्हणजे नळीचें पोट खालच्या टोकाकडे निमुळतें केलें. आणि दुसरा म्हणजे करंगळीसाठीं एक किल्ली बसविली. शिवाय एकसंध नळीच्या जागीं तीन-चार तुकडे करून ते सांध्यांनीं जोडूं लागले. नॉर्मंडींतील ओतेतेर घराणें वाद्यनिर्मितीसाठीं प्रसिद्ध होतें. त्या घराण्यांतील झाक ओतेतेर (१६७४–१७६३) यानें १७०७ सालीं पॅरिसमध्यें आडव्या बांसरीवर एक शिक्षणग्रंथ छापला. या वाद्याचा उपलब्ध असलेला पहिला स्वतंत्र पाठ्यग्रंथ तो हाच. पिढीजाद कारागीर स्वतः वादक आणि ग्रंथकारही असावा, हा योग आम्हां शिक्षकांस विशेष वाटतो.

वाद्याचे तुकडे केल्यानें एक सोय अशी झाली कीं, मधला तुकडा बदलतां येऊं लागला. त्या काळीं प्रत्येक शहराचा षड्ज निराळा. आज ज्या स्वराचीं कंपनें सेकंदास ४४० धरतात, तोच स्वर फ्रान्समध्यें ३९२ च्या आसपास असे, तर जर्मनींत बहुधा ४१५ च्या. गांव बदललें कीं पट्टी बदलली! म्हणून वादक एकाच बांसरीसाठीं लहानमोठे पांच-सहा मधले तुकडे पेटींत बाळगीत. आपले बांसरीवादक निरनिराळ्या पट्ट्यांच्या बांसऱ्यांची झोळीच घेऊन हिंडतात, त्यांतलाच हा प्रकार.

या एक-किल्लीच्या बांसरीचें सर्वांत मोठें नांव म्हणजे योहान योआखिम क्वांट्स (१६९७–१७७३), आणि त्याचा सर्वांत मोठा शिष्य म्हणजे प्रशियाचा राजा फ्रेडरिक. या गुरुशिष्यांची कथा वाचतांना आम्हांस आमच्या गच्चीची आठवण झाली. फ्रेडरिकचा बाप मोठा करारी व लष्करी शिस्तीचा. मुलानें बांसरी फुंकीत बसावें हें त्याच्या लेखीं नामर्दपणाचें होतें. युवराज चोरून शिके. क्वांट्स ड्रेस्डेनहून अधूनमधून येऊन त्याला पाठ देई. एकदां शिकवणी चालू असतांना बाप अकस्मात् आला आणि गुरुजींस कपाटांत दडून बसावें लागलें, अशी कथा सांगतात. १७४० सालीं बाप वारला आणि मुलगा राजा झाला. दुसऱ्याच वर्षीं त्यानें क्वांट्सला सालीना दोन हजार थालर वेतन देऊन बर्लिनला आणलें. रचनेबद्दल निराळा मोबदला, आणि प्रत्येक बांसरीबद्दल शंभर मोहरा निराळ्या. संध्याकाळीं राजवाड्यांत मैफल होई. राजा स्वतः वाजवी, आणि ‘शाबास’ म्हणण्याचा अधिकार एकट्या गुरुजींस. गुरुजी गप्प राहिले कीं काय समजावयाचें तें राजा समजे! क्वांट्सनें आपल्या या शिष्यासाठीं सुमारें तीनशें कंचेर्तो रचले, आणि १७५२ सालीं बांसरीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो आजही त्या काळच्या संगीताभिरुचीचा कोश मानला जातो. उतारवयांत दांत पडल्यामुळें राजाला बांसरी ठेवावी लागली. तलवारीपेक्षां त्याला तिचेंच दुःख अधिक झालें असेल.

या जुन्या बांसरीचा गुण आणि दोष एकच होता. सहा भोंकांत शुद्ध स्वर सहज निघत. कोमल-तीव्र स्वर काढण्यासाठीं मधलें भोंक उघडें ठेवून खालचीं झांकावीं लागत. असे स्वर थोडे दबलेले, पडद्याआडून आल्यासारखे ऐकूं येत. म्हणजे प्रत्येक स्वराचा रंग निराळा. पहिल्याप्रथम हा रंग आवडीचा होता; पुढें वाद्यवृंद मोठे झाले, दिवाणखाने जाऊन सभागृहें आलीं, आणि तोच रंग उणीव ठरला. मग कारागिरांनीं एकेका अर्धस्वरासाठीं एकेक किल्ली वाढविली. एकाच्या चार, सहा, आठ झाल्या. आमच्या काकांची बांसरी याच आठ किल्ल्यांच्या जातींतली. लंडनांत १८२१ सालापासून रुडल आणि रोझ यांची पेढी या जातीच्या उत्तमोत्तम बांसऱ्या करीत होती. लांकूड दोन प्रकारचें. एक बॉक्सवुड, पिवळसर, मऊ आवाजाचें, परंतु ओलाव्यानें केळ्यासारखें वांकणारें. दुसरें वेस्ट इंडीज बेटांतून येणारें कोकस, गडद तपकिरी, घट्ट, तेजस्वी आवाजाचें.

याच लंडनांत या बांसरीचा कळस झाला आणि तेथेंच तिच्या अस्तास आरंभ झाला. चार्लस् निकल्सन (१७९५–१८३७) नांवाचा वादक भोंकें बरींच मोठीं केलेली बांसरी वाजवी. त्याचा आवाज सभागृह भरून टाकी. १८३१ सालीं म्युनिचचा थेओबाल्ड ब्योम (१७९४–१८८१) लंडनला आला. हा सोनाराचा मुलगा, स्वतः सोनारकाम शिकलेला आणि नामांकित वादकही. निकल्सनचा आवाज ऐकून तो चकित झाला. तसा आवाज आपल्या बांसरींतून निघणें नाहीं, हें त्यानें ओळखलें आणि बांसरीची मूळ मांडणीच मोडावयास घेतली. आजवर भोंकें बोटें पोंचतील तेथें पाडीत. ब्योमनें तीं ध्वनिशास्त्र सांगेल तेथें पाडलीं आणि बोटांच्या सोयीसाठीं किल्ल्यांची यंत्ररचना केली. १८३२ सालीं त्याची पहिली नवी बांसरी आली. १८४७ सालीं त्यानें निमुळतें पोटही टाकून दिलें आणि सरळ नळीची, धातूची बांसरी केली. आज जगभर वाद्यवृंदांत चांदीची जी बांसरी दिसते ती हिचीच वंशज. आतां प्रत्येक स्वर सारख्या जोराचा व सारख्या रंगाचा झाला.

हें चांगलें झालें कीं वाईट? वाचकांनीं आपल्याकडील पेटीचा वाद आठवावा. पेटीनें गायकाची सोय केली. परंतु मींड गेली, श्रुति गेल्या, म्हणून १९४० सालीं आकाशवाणीनें तिला दार बंद केलें. तें दार किलकिलें व्हावयास १९७१ साल उजाडलें. तरी घरोघर पेटी राहिलीच. सोयीपुढें शास्त्र फार काळ टिकत नाहीं. म्हणून शास्त्र खोटें ठरत नाहीं, इतकेंच.

नवी बांसरी आली तेव्हां जुन्यांचें काय झालें? आमच्या मतें या कहाणींतील सर्वांत गोड भाग हाच आहे. सभागृहांतल्या वादकांनीं टाकून दिलेल्या आठ किल्ल्यांच्या बांसऱ्या जुन्या बाजारांत व सावकारांच्या दुकानांत कवडीमोलानें येऊन पडल्या, आणि आयर्लंडच्या शेतकऱ्यांनीं, मजुरांनीं त्या उचलल्या. स्लायगो, लिट्रिम, रॉसकॉमन या पश्चिमेकडील परगण्यांत तिनें घर केलें. शेतकऱ्यांना किल्ल्यांची फारशी गरज नव्हती. त्यांच्या नाचाच्या चाली सहा भोंकांत बसत. पुष्कळांच्या बांसरीच्या किल्ल्या गंजून अडकलेल्या असत आणि कोणाचें त्यावांचून अडत नसे. त्यांचें वादन श्वासाच्या ठेक्यावर चालतें. स्वर जिभेनें तोडण्याऐवजीं बोटाच्या झटक्यानें अलग करतात. आपल्याकडील कण-मुरक्यांशीं हें तंत्र ताडून पाहण्यासारखें आहे.

लिट्रिम परगण्यांतला जॉन मक्केना (१८८०–१९४७) पोटासाठीं अमेरिकेस गेला आणि न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलांत नोकरीस लागला. १९२१ पासून पुढें त्यानें ग्रामोफोनच्या ज्या तबकड्या भरल्या, त्या समुद्र ओलांडून परत मायदेशीं आल्या आणि पुढल्या पिढीच्या वादकांच्या गुरु झाल्या. रॉसकॉमनमधील बॅलहडरीन गांवीं १९४७ सालीं जन्मलेला मॅट मॉलॉय हा अलीकडच्या काळांतला त्या परंपरेचा सर्वांत नांवाजलेला वादक. १९७९ सालीं तो ‘चीफ्टन्स’ या विख्यात मेळ्यांत दाखल झाला आणि शेतकऱ्यांच्या त्या बांसरीचा आवाज त्यानें जगभर नेला. आज तिला ‘आयरिश बांसरी’ म्हणतात. जन्म लंडनचा, नांव आयर्लंडचें! वाद्य ज्यानें केलें त्याच्यापेक्षां ज्यानें सांभाळलें त्याच्या नांवानें ओळखलें जावें, यांत आम्हांस कांहीं वावगें वाटत नाहीं.

दुसरीकडे, एक-किल्लीच्या त्याहूनही जुन्या बांसरीचा उद्धार विद्वान् वादकांनीं केला. हॉलंडचे फ्रान्स ब्रुखेन (१९३४–२०१४) व बेल्जमचे बार्टोल्ड कॉयकेन (जन्म १९४९) हे त्यांतले अग्रणी. कॉयकेन यांस ब्रसेल्सच्या रोटेनबुर्ख नांवाच्या कारागिरानें अठराव्या शतकांत केलेली एक उत्कृष्ट बांसरी लाभली. तिला शिकविणारा गुरु हयात नव्हता; तेव्हां ओतेतेर, क्वांट्स यांचे ग्रंथ आणि स्वतः ती बांसरी, यांसच त्यांनीं गुरु केलें. कोणती फुंक तिला मानवते, कोणता स्वर ती आपण होऊन देते, हें तीच सांगत गेली. आज त्या बांसरीच्या प्रतिकृति करून शेंकडों विद्यार्थी शिकतात. पोथी आणि परंपरा यांतली परंपरा तुटली असतां पोथीवरून ती पुन्हा कशी जोडावी, याचा हा वस्तुपाठच होय.

आतां मुख्य प्रश्न. अशी जुनी बांसरी वाजवावी कीं कांचेच्या कपाटांत ठेवावी? क्लीव्हलंडचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक डेटन मिलर (१८६६–१९४१) यांनीं आयुष्यभर जमविलेल्या सतराशेंहून अधिक बांसऱ्या मृत्यूसमयीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिल्या. फ्रेडरिक राजाची, क्वांट्सच्या हातची एक बांसरी त्यांत आहे. आणि पॅरिसच्या लोरां नांवाच्या कारागिरानें १८१३ सालीं अध्यक्ष मॅडिसन यांच्यासाठीं केलेली स्फटिककांचेची बांसरीही आहे. लांकूड हवेप्रमाणें फुगतें-आकसतें, म्हणून लोरां कांच वापरी. सप्टेंबर २०२२ मध्यें लिझो नामक गायिकेनें ती बांसरी जाहीर सभेंत कांहीं क्षण वाजविली. कोणी टाळ्या वाजविल्या, तर कोणी कपाळाला हात लावला.

टीकाकारांची भीति अगदींच पोकळ नाहीं, हें आम्ही आतां स्वानुभवानें सांगूं शकतों. लांकडाची बांसरी वाजूं लागली कीं श्वासाचा ओलावा आंतून लांकडांत शिरतो. आंतला थर फुगतो, बाहेरचा कोरडाच राहतो, आणि दोहोंची ओढाताण सुरू होते. इंग्रजी बांसऱ्यांत आणखी एक मेख असते. मुखरंध्राच्या तुकड्यांत पितळेची नळी बसविलेली असते. लांकूड वर्षानुवर्षें वाळून आकसतें. पितळ आकसत नाहीं. म्हणजे लांकूड पितळेला आवळीत आवळीत ताणलें गेलेलें असतें.

यांतलें कांहींएक ठाऊक नसतां, डिसेंबरांतल्या एका कोरड्या, थंड सकाळीं आम्हीं नातवाला म्हटलें, “वाजव, बाळ, वाजव.” तो वेळूची बांसरी शिकतो, तासाभराच्या धडपडीनंतर त्याला स्वर सांपडला. काय तो स्वर! वेळूपेक्षां दाट, जरा धुरकट, जिन्याखालून कोणी हांक मारावी तसा. घरांतलीं सगळीं माणसें जमलीं. वहिनीही पदराला हात पुसत दारांत येऊन उभ्या राहिल्या आणि उष्ट्याचें विसरल्या. आम्हीं “आणखी, आणखी” म्हणत होतों, आणि इतक्यांत ‘टच्’ असा बारीक आवाज झाला. मुखरंध्रापासून वरच्या टोकापर्यंत केसासारखी एक रेघ गेली. स्वर त्याच क्षणीं मेला. मुलाचा चेहरा आम्हांस पाहवेना. दोष त्याचा नव्हता. पाऊणशें वर्षें मुकें ठेवलेलें वाद्य आम्हीं एका सकाळींत बोलकें करावयास निघालों होतों. आजोबांनीं तें एका शब्दानें मुकें केलें. आम्हीं तें एका शब्दानें फोडलें. प्रेम होतें म्हणून आमचा अपराध लहान ठरत नाहीं.

सनया-क्लॅरिनेट दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर गांठून आम्हीं ती त्यांच्यापुढें ठेवली. त्यांनीं ती उजेडाकडे धरली, नखानें चीर चांचपली आणि म्हणाले, “मास्तर, उपाशी माणसाला पहिल्याच दिवशीं पंचपक्वान्न वाढतात काय?” चीर त्यांनीं पातळ डिंकद्रव्यानें भरली आणि वरून रेशमी दोऱ्याचे घट्ट वेढे दिले. मग पथ्य सांगितलें तें असें: पाण्याचा स्पर्श नको, आंतून बदामतेलाचा अगदीं पुसट हात, पहिला आठवडा रोज पांच मिनिटें वादन, मग दर आठवड्यास थोडें थोडें अधिक, वाजवून झालें कीं फडक्यानें आंतून कोरडी पुसणें, आणि सांधे सुटे करून पेटींत ठेवणें. उन्हांत नको, पंख्याखालीं नको. आम्हीं विचारलें, “त्यापेक्षां पेटींतच ठेवली तर?” ते म्हणाले, “मग एवढी जोडली कशाला?”

वस्तु जपणें आणि विद्या जपणें हीं दोन निरनिराळीं व्रतें आहेत, असें आम्हांस या सर्वांवरून वाटूं लागलें आहे. फ्रेडरिक राजाची बांसरी जगांत एकच. ती कपाटांत राहावी, तिचीं मापें घेऊन प्रतिकृति कराव्यात, आणि क्वचित् जाणत्या हातीं ती क्षणभर बोलावी, हें योग्य. पण घरोघरच्या माळ्यांवर ज्या सामान्य बांसऱ्या, सतारी, दिलरुबे पडून आहेत, त्यांचा जन्म वाजण्यासाठीं आहे. आयर्लंडच्या शेतकऱ्यांनीं त्या बांसऱ्या वाजविल्या म्हणूनच त्यांचें वादन जगलें. मात्र वाजविणें म्हणजे ओरबाडणें नव्हे. आमच्या वाचकांच्या घरीं असें कांहीं सांपडलें तर त्यांनीं पाणी लावूं नये, घाई करूं नये, आणि जाणत्या कारागिरास आधीं दाखवावें, एवढी आमची विनंति आहे.

सांप्रत आमच्या घरीं दिवेलागणीनंतर, परवचा झाल्यावर, बारा मिनिटें बांसरी वाजते. घड्याळ वहिनींच्या हातीं असतें. स्वर पूर्वींइतका मोकळा नाहीं, चिरेपाशीं किंचित् श्वास गळतो. पण रोज थोडा उघडतो आहे. परवां नातवानें विचारलें, “आजोबा, काका ही काय वाजवीत असतील?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. घरांतल्या कोणींच तें कधीं ऐकून घेतलें नव्हतें.